साठ भागिले पंधरा

५ जानेवारी १९९७, रविवार

गाईडं छापणाऱ्या एका प्रकाशकाचा माणूस शाळेत येऊन सगळ्या शिक्षकांना डायऱ्या वाटून गेला. माझी आजपर्यंत कोरी होती. काही घडलं की लिहू, असं ठरवलं होतं, आणि माझ्या आयुष्यात काही घडत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

आज बारावीच्या शिकवणीत अभिक्रियेतून किती पदार्थ तयार होईल ते काढायची गणितं घेतली. समीकरण तोला, वजनं मांडा, प्रमाण लावा, उत्तर आलं. सोनाली नावाची एक मुलगी आहे, बरी हुशार. तिने विचारलं, "सर, हे पुढे कुठे लागतं?" परीक्षेत लागतं, म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही ते कुठे लागलेलं नाही. अमळनेरला बी.एस्सी. केलं, सुरतला येऊन उधन्याच्या मराठी शाळेत चिकटलो, आणि तेव्हापासून फळ्यावर हायड्रोजन नि ऑक्सिजन जोडून पाणी करतो आहे. त्या पाण्याने आजवर कुणाची तहान भागलेली नाही.

संध्याकाळी हिलाल आला. रंजनाचा धाकटा भाऊ. सुती सुताला काळा रंग देणाऱ्या एका कारखान्यात मुकादम आहे. इथे कारखान्याला खातं म्हणतात. त्याच्या कारखान्याला सगळे काळं खातं म्हणतात. त्यांचं रंगाचं पाणी कॉस्टिकसकट खाडीत जातं म्हणून वरून नोटीस आली आहे. ते पाणी ॲसिड घालून मारायचं, म्हणजे त्यातली कॉस्टिकची आग शमवायची. पण ॲसिड किती घालायचं ते तिथे कुणालाच कळत नाही. "दाजी, तुम्ही सांगा की," म्हणाला.

रंजना आतून म्हणाली, "ने रे बाबा यांना. नाहीतर घरात भिंतीला शिकवायला लागतील."

जाईन म्हणालो. उगाच आढेवेढे घेतले थोडे, पण मनातून जायचंच होतं.

१२ जानेवारी, रविवार

काळं खातं पाहिलं. सल्फर ब्लॅक रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड घालतात, आणि कॉस्टिक. रंग झाला की उरलेलं सगळं मागच्या बाजूच्या हौदात सोडतात. हौदावर पत्र्याचं बुटकं छप्पर, तिन्ही बाजूंना भिंत, एक दार. आत सडक्या अंड्यांचा वास. मी नाकाला रुमाल लावला तर माणसं हसली. त्यांना तो वास येतच नाही म्हणे, रोजचाच आहे.

शेठ भला माणूस वाटला. "सर, तमे हिसाब करी आपो, बस." हिशोब तेवढा करून द्या म्हणे. खुर्ची दिली, चहा मागवला. शाळेत मला आजवर कुणी खुर्ची पुसून दिलेली नाही.

हौदावर काम करतो मगन. आमच्या डिंडोलीच्याच चाळीतला, पारोळ्याकडचा. त्याची बायको भागीरथी रंजनाबरोबर पापड लाटते. मगनला काही विचारलं की तो आधी हसतो, मग उत्तर देतो.

घरी येऊन मांडलं. कॉस्टिक मारणं सोपं आहे, पण हौदात सल्फाइडही आहे. ॲसिड कॉस्टिकपुरतंच घातलं तर मीठ आणि पाणी तयार होतं, बाकी काही नाही. कॉस्टिक संपल्यावरही ॲसिड पडत राहिलं तर ते सल्फाइडला धरतं आणि विषारी वायू निघतो. बंद जागेत माणूस उभ्याउभ्या जातो. म्हणून नेमकं तेवढंच ॲसिड पाहिजे. अंदाजपंचे चालणार नाही.

खात्यातच लिटमसची पट्टी बुडवून पाहिली होती. काळ्या पाण्यात पट्टी काळीच होते. तेव्हा पट्टीचा उपयोग नाही, सगळी भिस्त हिशोबावर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळी सुरत पतंग घेऊन गच्चीवर. मी खाली.

हौदात रोजचं कॉस्टिक एकोणपन्नास किलो. ऐंशी किलो कॉस्टिकला अठ्ठ्याण्णव किलो सल्फ्युरिक ॲसिड हे प्रमाण. एकोणपन्नास गुणिले अठ्ठ्याण्णव भागिले ऐंशी. उत्तर साठ. खाली-वर करून, उलट करून, पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. साठच. इतकं स्वच्छ उत्तर क्रमिक पुस्तकातही येत नाही.

रंजनाने तिळाची वडी आणून दिली आणि म्हणाली, "आज तुमचा चेहरा लग्नातल्यासारखा दिसतो." लग्नात माझा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

काळ्या खात्यावर जाऊन सगळं समजावून आलो. मगन, हिलाल आणि आणखी एक-दोघे होते. ॲसिड साठ किलो, एक थेंब जास्त नाही. हळूहळू ओतायचं. सगळं पडलं की बांबूने ढवळायचं. जास्त झालं तर काय होईल तेही सांगितलं. मगनने मान डोलावली, आधी हसून.

साठ किलो मोजायचं कसं, हा प्रश्न निघाला. मगनने त्याचं माप दाखवलं. शेंगदाण्याच्या तेलाचा प्लास्टिकचा मोठा डबा, इथे त्याला केरबा म्हणतात, तोंड कापून रुंद केलेला. वर ठळक छापलेलं, पंधरा किलो. मला फार आनंद झाला. साठ भागिले पंधरा, चार. चार केरबे. असा सरळ भाग गेला की वाटतं, कुणीतरी वरून आपल्यासाठीच आकडे लावून ठेवले आहेत.

हिलाल म्हणाला, "दाजी, काटा लई येऊ का तिकडून?" काटा पुढच्या गाळ्यात असतो, सुताचे गठ्ठे वजन करायचा. त्यावर ॲसिड सांडलं तर शेठ ओरडेल. "छापलंय की त्यावर ठळक," मी म्हणालो. "वाचता येतं ना?" सगळे हसले. हिलालही हसला.

मगनने एक केरबा भरून उचलून दाखवला आणि पटकन खाली ठेवला. म्हणाला, "मास्तर, हाऊ केरबा भलताच जड शे." मी म्हणालो, "रातले जेवना नही का?" पुन्हा हसले सगळे. माझ्या अहिराणीचं त्यांना फार कौतुक.

माझी सराव परीक्षेची ड्यूटी आहे म्हणून सुरुवात माझ्याविनाच करा असं सांगितलं. मी काय करणार आहे तिथे? मोजायला चारपर्यंतचे आकडे पुरतात.

२१ जानेवारी, मंगळवार

मगन गेला. हिलाल सिव्हिलमध्ये आहे, शुद्धीत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

काल मला जास्त काही लिहिता आलं नाही. आज लिहितो.

ॲसिड ओतून झाल्यावर मगन बांबू घेऊन ढवळायला लागला आणि तसाच हौदाच्या काठावर पालथा पडला. हिलाल दारात होता. तो मगनला ओढायला आत धावला आणि त्याच्याच अंगावर कोसळला. कुणीतरी पत्रा फोडला, मग दोघांना बाहेर काढलं. मगनच्या खिशातली नाणी काळी पडली होती, असं तिथला एक जण सांगत होता. सल्फाइडने चांदी-तांबं काळं पडतं. मला ते माहीत आहे. मुलांना मी ते शिकवतो.

आज उमऱ्याच्या स्मशानात अग्नी दिला. भागीरथी रडत नव्हती. ती सारखी विचारत होती, त्यांनी डबा खाल्ला होता का. कुणाला माहीत नव्हतं.

माझा हिशोब बरोबर आहे. शंभरदा तपासला. साठ किलोत वायू निघूच शकत नाही. मगनने जास्त ओतलं. का ओतलं असेल? मी इतकं बजावून सांगितलं होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

पोलिसांनी बोलावलं. शेठही होते. मी सगळं मांडून दाखवलं. हौदात सल्फाइड पंचवीस किलो. अठ्ठ्याहत्तर किलो सल्फाइडला चौतीस किलो वायू, म्हणजे इथे अकरा किलो. अकरा किलो वायू हवेत मिसळला म्हणजे त्या बुटक्या छपराखाली हत्तीसुद्धा वाचायचा नाही. आणि एवढा वायू निघायला साठाच्या वर आणखी तीस किलो ॲसिड लागतं. तीस भागिले पंधरा, दोन. म्हणजे मगनने चार नव्हे, सहा केरबे ओतले.

फौजदार गुजराती होता. त्याने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, असा साफ जवाब पहिल्यांदाच मिळतो आहे. मयताची स्वतःची बेदरकारी, असं कागदावर पडलं. मी सही केली. शेठने बाहेर आल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरला.

मला वाईट वाटतं आहे, नाही असं नाही. पण रसायनशास्त्र मगनकडे बघून आपले नियम बदलणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

हिलालला शुद्ध आली. आवाज बसलाय, दम लागतो, आणि कशाचाच वास येत नाही. नर्सने नाकाशी स्पिरिटचा बोळा धरला तरी नाही.

मी विचारलं, मगनने किती ओतले? तो म्हणाला, "चारच, दाजी. मी मोजात."

मी म्हणालो, नीट आठव. सहा असतील.

"चारच. तुम्ही सांगात तितलाच."

त्याच्या मेंदूला वायू लागला आहे. अशा वेळी माणसाला स्मरणाचा भरवसा राहत नाही, हे पुस्तकातही दिलेलं आहे. बाहेर येऊन मी रंजनाला हे समजावलं. ती जिना उतरता उतरता थांबली आणि म्हणाली, "मना भाऊ खोटं बोलस का?" खोटं नाही गं, चुकीचं, म्हणालो. घरी येईपर्यंत रिक्षात बाहेर बघत बसली.

३० जानेवारी, गुरुवार

मगनची गंधमुक्ती, दहाव्याचं जेवण. चाळीच्या मागच्या पटांगणात मांडव घातला होता. गावाकडून त्याचा चुलता मारुती आला होता. माणसं जेवत होती आणि हळू आवाजात तेच चाललं होतं. मगनने प्यायली असेल. मगनला घाई असेल. मास्तरांनी पोलिसात हिशोब मांडून दाखवला, सहा ओतले. मारुती मोठ्याने म्हणाला, "स्वतः मेला ते मेला, मुकादमालाही घेऊन चालला होता." भागीरथी दोन हातांच्या अंतरावर होती, पत्रावळी उचलत होती. तिने ऐकलं. तिने पत्रावळींची चळत खाली ठेवली, पदर नीट केला आणि पुन्हा उचलली.

मगन पीत नव्हता. हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही. मी तिथे बसलो होतो, म्हणायला हवं होतं. माझ्यापुढे बुंदी वाढलेली होती, ती मी खाल्ली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिलालला शेठने मुकादमीवरून काढलं. गेटवर बसायला सांगितलं. कारण काय तर डोक्यावर परिणाम झाला आहे. हे शेठला कुणी सांगितलं ते रंजनाने मला विचारलं नाही. ती जेवायला वाढते, कपडे काढून ठेवते, आणि माझ्याशी बोलायचं असलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलते.

वर्गात मोल शिकवता शिकवता एकदम थांबलो. पुढचं वाक्य आठवेना. मुलांनी वाट पाहिली. मग घंटा झाली.

९ फेब्रुवारी, रविवार

हे लिहू की नको, असं करत संध्याकाळपासून बसलो आहे. लिहितो. निदान इथे तरी.

शेठने पुन्हा बोलावलं होतं. हौद परत सुरू करायचा आहे, या वेळी पत्रा काढून, उघड्यावर. रामदास नावाचा नवा माणूस घेतला आहे, पण तो हात लावायला घाबरतो. मी म्हणालो, मी स्वतः ओतून दाखवतो. साठ किलोत काही होत नाही हे एकदा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होऊ दे. खरं तर मला ते हिलालला दाखवायचं होतं. तो गेटवर स्टुलावर बसला होता.

रामदासने केरबा भरून ठेवला. मी हातमोजे चढवले आणि उचलायला गेलो. केरबा हलला, पण वर आला नाही.

चाळीत नळ खाली आहे. पंधरा लिटरची बादली मी रोज सकाळी दोन जिने चढवतो. पंधरा किलो म्हणजे किती ते माझ्या खांद्याला ठाऊक आहे. हे पंधरा नव्हते. हे कशाचेही पंधरा नव्हते.

केरब्यात तेल पंधरा किलो मावतं. तेल पाण्याहून हलकं. ॲसिड पाण्याच्या जवळपास दुप्पट जड. त्याच केरब्यात ॲसिड भरलं की तीस किलो होतं. थोडं वरच. चार केरबे म्हणजे साठ नव्हेत, एकशेवीस. पहिल्या दोन केरब्यांतच कॉस्टिक संपलं. तिसरा आणि चौथा थेट सल्फाइडसाठी. जड ॲसिड तळाशी जाऊन बसलं असणार, म्हणून ओतताना काही झालं नाही. मग मी सांगितल्याप्रमाणे मगनने बांबूने ढवळलं.

घनता नववीला शिकवतात. मी नववीलाही शिकवतो.

मगनने चारच ओतले. हिलालने नीट मोजले. दोघांच्याही हातून काही चुकलं नाही. त्यांनी फक्त माझं ऐकलं.

केरबा तसाच सोडून बाजूला झालो. रामदास म्हणाला, काय झालं सर? पाठीत उसण भरली म्हणालो. गेटवरून बाहेर पडताना हिलालने स्टुलावरून उठून विचारलं, "दाजी, बरं शे ना?" मी मान हलवली आणि निघालो. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेत गेलो नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेठला जाऊन सांगितलं. एकट्याला, केबिनमध्ये. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. केरबा, तेल, घनता, सगळं त्यांना लगेच कळलं. धंदेवाल्या माणसाला वजन समजावून सांगावं लागत नाही. मग उठून दार लावून घेतलं. "सर, पंचनामो थई गयो. हवे मरेलाने शुं फरक पडे?" मेलेल्याला आता काय फरक पडतो. आणि फरक पडेल तो तुम्हाला पडेल, हेही त्यांनी हिंदीत, अगदी मायेने सांगितलं. नोकरी जाईल, खटला होईल, घरी बायको आहे. काटा आणून रामदासला मोजून द्यायला ते आजच सांगणार आहेत. म्हणजे पुढचा माणूस मरणार नाही. झालं की मग.

मी चहा पिऊन परत आलो. किती हलकं वाटलं येताना. त्याचीच आता किळस येते आहे. कुणीतरी आपल्याला गप्प बस म्हणावं याचीच मी वाट बघत होतो, आणि शेठने तेवढी सोय केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मी त्या वेळी काटा आणू दिला असता तर. एवढंच दिवसभर डोक्यात. हिलालने विचारलं होतं. त्याने सरळ विचारलं होतं आणि मी पाच माणसांत त्याला हसलो, कारण मला माझा सरळ गेलेला भागाकार मोडायचा नव्हता. मगनने जड आहे म्हणून सांगितलं. त्याच्या हातांनी मला उत्तर दिलं होतं. मी त्यावरही विनोद केला.

पोलिसात जायला हवं. सोमवारी जातो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेलो होतो. ठाण्यासमोरच्या रसाच्या गाडीवर उभा राहिलो. रस पिऊन परत आलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शिकवणीला मुलं येऊन बसली आणि मी त्यांना म्हणालो, आज वाचा आपापलं. सोनालीने वही पुढे केली. तिने एक गणित केलं होतं, उत्तर पुस्तकाशी जुळत होतं, बरोबर आहे का म्हणून विचारत होती. मला बरोबर म्हणवेना. तिला वाटलं मी रागावलो. ती खोडरबर घेऊन सगळं पुसायला लागली, तेव्हा घाईघाईने म्हणालो, बरोबर आहे गं, बरोबर आहे, राहू दे.

माझ्याच्याने आता शिकवणं होणार नाही. आणि दुसरं मला काही येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भागीरथी आली होती. उद्याच्या भुसावळ गाडीने ती गावी जाते आहे, कायमची. खोली सोडली. रंजनाचं एक पातेलं तिच्याकडे राहिलं होतं, ते घासून आणून दिलं. रंजनाने तिला बसवलं. मी उठून आत जाणार होतो, तर तीच म्हणाली, मास्तर, थांबा, तुमच्याशीच बोलायचं आहे.

मला वाटलं, हिला कळलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं.

तिने डोक्यावर पदर घेतला, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "मास्तर, त्यासना हातथीन चूक व्हई गई. तुमना इतला चांगला हिसोब बिघडना. तुमले पोलिसात जानं पडनं. त्यासले माफ करज्यात."

ती माझी माफी मागत होती. मगनच्या वतीने. माझी.

मग मी सांगितलं. सगळं. थांबलोच नाही. तेल हलकं असतं, ॲसिड जड असतं, केरबा तोच पण वजन दुप्पट, चार म्हणजे एकशेवीस, मगनने चारच ओतले, एकही जास्त नाही, तो प्यायला नव्हता, त्याची काही चूक नव्हती, चूक माझी, मी मारलं त्याला. पोलिसात मी त्याच्यावर ढकललं. बोलता बोलता मध्येच मी पातेल्यात तांब्याने पाणी ओतून काहीतरी दाखवायलाही लागलो. काय दाखवत होतो कुणास ठाऊक.

भागीरथी ऐकत होती. तिने एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर ती रडायला लागली. मगन गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. डोळे पुसून ती रंजनाकडे वळली आणि म्हणाली, "देख बहिन. मरेल माणूसना दोष आपला आंगवर कोन लेस?" मग मला हात जोडले. "तुम्ही देवमाणूस शेतस, मास्तर. पन माले समजाडू नका. त्यासनी चूक मी पोटमा घाली लिधी."

मी म्हणालो, नाही, अहो ऐका, हे खरं आहे. मी हिशोब करून दाखवतो. कागद घेतला. तिने माझा हात धरून खाली केला, घरातलं लहान मूल हट्ट करतं तेव्हा धरतात तसा. हिशोबाने तर मगन दोषी ठरला होता. तोच माणूस आता हिशोबानेच त्याला सोडवतो म्हणतो, तर ते दयेपोटीच असणार. तिच्या जागी मी असतो तर मीही असंच समजलो असतो.

ती गेली. रंजना दाराशी उभी होती. तिला मात्र कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित तिला एका दमात कळलं. तिने एवढंच विचारलं, "हिलालले सांगं?"

नाही, म्हणालो.

ती आत गेली आणि कडी लावून घेतली.

२३ फेब्रुवारी, रविवार

हिलालला सांगायला गेलो. तो झोपला होता, खोकून खोकून थकून. उठवलं नाही. असं लिहितो आहे, पण खरं म्हणजे तो झोपला आहे हे पाहून मला बरं वाटलं.

तिथूनच उधना स्टेशनवर गेलो. भागीरथीची गाडी निघून गेली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जाण्याआधी भागीरथी चाळीत घरोघरी सांगून गेली आहे. मास्तरांनी मगनचा गुन्हा स्वतःवर घेतला, तिचं मन राखायला. पायऱ्यांवर, नळावर, दुकानात तेच चाललं आहे. मी एक-दोघांना थांबवून सांगायला गेलो, तसं नाही, खरंच माझी चूक होती. ते आणखीच गहिवरले.

रंजना कालपासून भावाकडे आहे. हिलालने सगळं ऐकून घेतलं, ॲसिडबद्दल उलट काही विचारलं नाही, असा तिचा निरोप आला. म्हणजे तिने त्याला सांगितलं.

सोमवारी ठाण्यात जायचं असं मी पुन्हा लिहिणार होतो. काल सोमवारच होता.

आज सकाळी बादली घेऊन खाली उतरलो तर नळावरच्या बायकांनी रांग मोडून मला पुढे घेतलं. मारुती अजून गावी गेलेला नाही, मगनच्या खोलीतलं राहिलेलं सामान विकतो आहे. तो खाटेवरून उठला, टोपी काढली आणि सगळ्यांसमोर वाकून मला नमस्कार केला. म्हणाला, पोरगं माझं वाया गेलं, पण तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

माझ्या दोन्ही हातांत काही नव्हतं. बादली खाली ठेवलेली होती. मला बोलता आलं असतं.

मी तो नमस्कार घेतला.